लॅक्स्टनच्या पट्ट्या: अडाणीपणा की शहाणपण?

बांधकरी
इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात मध्ययुगीन सामायिक शेती अजून चालू आहे. कुंपण नसलेली तीन शिवारं: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी फिरते. प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या. मोजणीदार मार्क पिअर्सच्या 1635 च्या नकाशात पट्टी न् पट्टी दाखवली आहे.

1947 च्या तुकडेबंदी कायद्यापासून आपल्या डोक्यात बसलंय की विखुरलेली जमीन म्हणजे तोटा. मला ते इथे पटत नाही. पावसाळी वर्षी खोलगट चिकणमाती सडते तेव्हा चढावरची पट्टी तारते, कोरड्या वर्षी उलटं. मध्ययुगात मापभर गव्हाला जेमतेम चार मापं यायची, त्यातलं एक बियाण्याला. अशा घरात एक पट्टी बुडाली तर निभतं, सगळं रान बुडालं तर उपास.

आठबैली
विमा मान्य, पण हप्ता केवढा! तिसरा हिस्सा जमीन दरसाल पड. कापणीनंतर गावाची जनावरं एकत्र सुटणार, म्हणजे एका मेंढीची खरूज सगळ्या कळपाला. कुणी एकट्याने सलगम लावला तर तो गुरांच्याच पोटात. इंग्लंडातल्याच नॉरफोकचा चार पिकांचा फेर बघा: सलगम, बार्ली, क्लोव्हर, गहू. पड ठेवायलाच नको, क्लोव्हर हे चाऱ्याचं द्विदल पीक जमिनीत नत्र भरतं, सलगम हिवाळ्याचा चारा. 1604 ते 1914 मध्ये ब्रिटिश संसदेत कुंपणाची, म्हणजे सामायिक रान वाटून ज्याच्या त्याच्या कुंपणात घालायची, 5,200 हून जास्त विधेयकं, 68 लाख एकर. हे सगळं उगाच?

बांधकरी
‘एकट्याने’ हीच मेख आहे. तिथल्या 1773 च्या कायद्याने तीन चतुर्थांश संमतीवर सामायिक शिवाराचा पीकफेर बदलता येत होता. कुंपण न घालताही क्लोव्हर घेता येई.

सरीवरंबा
दोघेही पट्टीचा आकार विसरताय. 220 यार्ड लांब, 22 रुंद, म्हणजे एक एकर. आपले 40 गुंठे. जुन्या पट्ट्या उलट्या एस सारख्या वाकलेल्या, कारण आठ बैलांची रांग टोकाला पोचायच्या आधीच वळवायला घ्यावी लागे. नांगराची फळी माती उजवीकडेच टाकते. मधून सुरुवात करून फेरे घेतले की मध्ये उंचवटा चढतो आणि दोन पट्ट्यांमधल्या चरातून पाणी निघून जातं. लॅक्स्टनच्या जड मातीत हा चरच जीव वाचवतो.

आता घोळ कुठे होतो? कडेच्या गवताच्या पट्ट्यांवर आणि वाटांवर दरसाल थोडा थोडा नांगर सरकतो (आपल्या बांधकोरीचंच विलायती भावंड). म्हणून नोव्हेंबरअखेर गावचे पंच गव्हाचं शिवार फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि आठवड्याने कोर्ट लीटमध्ये, म्हणजे गावच्या जुन्या न्यायसभेत, दंड होतो. मोकाट जनावरांना कोंडवाडाही होता.

आठबैली
पंच छानच, पण आजच्या पट्ट्या 1635 च्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदाराने त्या एकत्र करून रुंद केल्या. पुढे 1952 मध्ये कृषी मंत्रालयाने जमीन विकत घेतली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या नावावरची सार्वजनिक मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली आणि 2020 पर्यंत तिथेच होती. सरकारी छत्राखाली टिकलेली गोष्ट फायद्याची होती, असं कसं म्हणायचं?

बांधकरी
रुंद केल्या, पण तिन्ही शिवारांत विखुरलेल्याच ठेवल्या. तो जमीनदार काही भाबडा नव्हता. आणि तुमच्या 68 लाख एकरांचा खर्चही मांडा: मोजणी, वकील, शिवाय प्रत्येकाने आपल्या वाट्याभोवती स्वखर्चाने हॉथॉर्न या काटेरी झुडपाची रोपं लावायची आणि ती वाढेपर्यंत गुरांपासून राखायला लाकडी कठडा घालायचा. पाच एकरवाल्याला कठडा परवडेना. त्याने जमीन विकली. गाईला सामायिक कुरणही उरलं नाही.

आठबैली
कठड्याचा मुद्दा मान्य. खरजेला मात्र अजून उत्तर नाही.