मदत हवी आहे: औषधाची चाचणी मध्येच थांबली, रुग्णांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. रुग्णांच्या तारखा ठरवणं, रक्ताचे नमुने वेळेत रवाना करणं, परत आलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या मोजून नोंद करणं, तारखेला कुणी आलं नाही तर फोन करणं, हे माझं काम. रुग्णालय, कंपनी, औषध यांपैकी कशाचंही नाव लिहू शकत नाही, कृपया विचारू नका.

आमच्याकडे किडनीच्या आजारावरच्या एका औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी चालू होती. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे प्लासिबोची गोळी. आजाराची नेहमीची औषधं सगळ्यांनाच चालू. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला, डॉक्टरांना किंवा मला, कुणालाच माहीत नाही. आता स्पॉन्सरनं, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीनं, ती थांबवली आहे. कुणाला अपाय झाला म्हणून नाही. स्वतंत्र देखरेख समितीनं मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले आणि शेवटपर्यंत गेलं तरी फायदा सिद्ध होण्याची शक्यता फार कमी उरली आहे, असं कळवलं.

हा निर्णय मला पटतो. मधे कधी बघायचं आणि शक्यता किती खाली गेली की थांबायचा विचार करायचा, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं. आतापर्यंतचा कल बघून पुढचा अंदाज बांधायचा, तो दहा-वीस टक्क्यांच्या खाली गेला तर समिती बहुधा थांबायला सांगते. ज्यातून काही निघण्याची आशा उरलेली नाही त्यासाठी आणखी शेकडो लोकांना सुया का टोचायच्या? शिवाय एका चाचणीत असलेल्या रुग्णाला सहसा दुसऱ्या चाचणीत घेत नाहीत, म्हणजे त्याची तीही वाट अडलेली असते.

अडचण आहे ती सांगण्याची. एथिक्स कमिटीनं (रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं) मंजूर केलेलं पत्र आहे, पण ते दोन परिच्छेदांचं आणि कोरडं आहे. फोन मला करायचे आहेत. सुरुवातीच्याच एका फोनवर अंबरनाथचे एक आजोबा म्हणाले, "मॅडम, मधे गावी गेलो होतो तेव्हा माझ्या गोळ्या चुकल्या होत्या. त्यामुळे बंद झालं का हो?" मी नाही म्हटलं, पण त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. दुसऱ्या एका काकू म्हणाल्या, "यांच्या पायाची सूज तर उतरली होती. आता गोळी कुठून आणायची?" ते काका औषधावर होते की प्लासिबोवर, हे मलाच ठाऊक नाही. चाचणी चालू असलेल्या सगळ्या केंद्रांची माहिती तपासून तिच्या नोंदी कायमच्या बंद होईपर्यंत कळणारही नाही.

एकदोघांना मी क्रिकेटचं उदाहरण देऊन पाहिलं: शेवटच्या षटकांत धावा इतक्या हव्यात की सामना हातातून गेल्यात जमा आहे. ते उलटंच लागू पडलं. ऐकणाऱ्याला वाटलं की फलंदाज तोच होता आणि त्याच्यामुळे हरलो. ही माणसं पहाटेची लोकल पकडून उपाशीपोटी रक्त द्यायला यायची. त्यांच्या मनात हे राहू नये, असं मला फार वाटतं.

तर मदत अशी हवी आहे. तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी अशा चाचणीत होतं का? ती बंद झाल्याचं तुम्हाला कसं कळलं, काय ऐकून धीर आला, काय खटकलं? आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी सांगावं: "औषध उपयोगाचं नाही असं सिद्ध झालं" असं मी म्हणू शकते का? खूप जण अगदी हेच विचारतात.

प्रतिसाद १

ताई, माझे वडील एका कॅन्सरच्या चाचणीत होते, तीही अशीच थांबली. आम्हाला कारण कुणी धड सांगितलं नाही, निकाल तर आजतागायत कळलेला नाही. म्हणून सांगते, "तुमचं काही चुकलं नाही" हे पहिलंच वाक्य असू द्या. शेवटी ठेवलंत तर तोवर माणूस ऐकायचा थांबलेला असतो. त्यानंतर लगेच पुढचं सांगा: नेहमीच्या औषधांतलं काही बंद करायचं का, पुढची तपासणी कोणत्या डॉक्टरांकडे, काही त्रास झाला तर फोन कुणाला. आम्हाला "आता आपल्याला कुणी बघणार नाही" याचीच धास्ती होती. आणि शक्य असेल तिथे मुलाला किंवा सुनेलाही फोनवर घ्या. म्हातारी माणसं हो हो म्हणतात आणि मग रात्रभर जागतात.

प्रतिसाद २

मी संख्याशास्त्र शिकवतो. "सिद्ध झालं" म्हणू नका. "या चाचणीत फायदा दिसून येण्याची शक्यता फार कमी उरली होती" इतकंच म्हणा. मार्च २०१९ मध्ये बायोजेननं अल्झायमरवरच्या अॅड्युकॅनुमॅबच्या दोन मोठ्या चाचण्या याच कारणानं थांबवल्या. त्या हिशोबानंतर जमा झालेली माहितीही धरल्यावर, ऑक्टोबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की एका चाचणीत फायदा दिसतो. दुसरीत मात्र नव्हता. जून २०२१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, त्यावर मोठा वाद झाला आणि २०२४ मध्ये कंपनीनं ते सोडून दिलं. मधेच थांबताना चांगलं औषध हातचं जाण्याचा धोका थोडा असतोच.

पण थांबलेल्या चाचणीतूनही उत्तर मिळतं, हे रुग्णांना जरूर सांगा. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं जानेवारी २०२१ मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा देण्याच्या उपचारासाठी नवे रुग्ण घेणं थांबवलं. साडेअकरा हजार रुग्ण झाले होते आणि २८ दिवसांतले मृत्यू प्लाझ्मा दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत २४ टक्के. आपल्या आयसीएमआरची ४६४ रुग्णांची चाचणी त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली होती, तिच्यातही फायदा दिसला नव्हता. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण सगळे रात्री-अपरात्री प्लाझ्मा शोधत फिरत होतो. आयसीएमआरच्या उपचारपद्धतीतून तो मे २०२१ मध्ये निघाला. उत्तर मिळालेलं असून ते लोकांपर्यंत वेळेत पोचलं नाही, तर काय होतं ते मुंबईनं पाहिलंय.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी केलेल्या फोनांत पहिलं वाक्य बदललं. एक काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." क्रिकेट बंद केलंय.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते: औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणी बंद केल्याची सविस्तर कारणं ३० कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय औषध नियंत्रकांना कळवावी लागतात. चाचणीमुळे इजा झाली असेल तर चाचणी बंद पडली म्हणून उपचारांची जबाबदारी संपत नाही. तुमचा कन्सेंटचा (संमतीचा) कागद जपून ठेवा, त्यावर एथिक्स कमिटीचा संपर्क असतो.

अजून एक विचारायचं आहे. काही महिन्यांनी कुणाला काय मिळत होतं ते उघड होईल. आपण इतका काळ नुसती प्लासिबोच घेत होतो हे ज्यांना किंवा ज्यांच्या घरच्यांना कळलंय, त्यांनी कृपया लिहा. ते समोर बसवून सांगावं, की आधी पत्र पाठवून विचार करायला वेळ द्यावा? आणि ज्यांना जाणूनच घ्यायचं नाही, त्यांना आधी कसं विचारायचं?