खेळातली मॅच आणि काडेपेटीतली मॅच

'घासल्याशिवाय ठिणगी नाही, म्हणून सामन्यालाही मॅच म्हणू लागले' असं काडेपेटीतल्या काडीशी नातं जोडणारं एक स्पष्टीकरण सांगितलं जातं. ते गोड आहे, पण खोटं. हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग एक झालं. सामन्यातला मॅच जुन्या इंग्रजीतल्या 'गेमॅक्का'चा, म्हणजे जोडीदार, बरोबरीचा. त्यातूनच तोडीस तोड प्रतिस्पर्धी, मग त्यांच्यातली लढत. रंग 'मॅच होणं' आणि लग्नातलं 'मॅच'ही त्याच घरातलं. दुसरा, काडीचा मॅच, जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ दिव्याची वात.

वात आणि काडी यांच्यातला मधला दुवा बंदुकीचा आहे. मॅचलॉक म्हणजे आपली तोड्याची बंदूक. तिच्यातली 'मॅच' म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, ती ज्योतीविना धुमसत राहायची. चाप ओढला की तिचं पेटतं टोक रंजकेवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकायचं. बार उडताना तेच टोक कधीकधी विझे, म्हणून दोरी बहुधा दोन्ही टोकांना पेटवून ठेवत. पावसात सगळंच ठप्प, आणि रात्री निखाऱ्यावरून जागा उघडी पडायची ती वेगळीच. गंधक लावलेल्या काड्यांनाही मॅच म्हणत, पण त्या घासून पेटत नसत, आयत्या निखाऱ्याला लावाव्या लागत. घासून पेटणारी काडी इंग्लंडमधल्या स्टॉकटनच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने 1827 मध्ये विकायला काढली (अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक, सोबत घासायला सँडपेपर). सामना या अर्थाचा मॅच त्याच्या कित्येक शतकं आधीपासून इंग्रजीत आहे, त्यामुळे घर्षणाचा संबंध कालक्रमातही बसत नाही.