मदत हवी आहे: चाळिशीनंतर अचानक हंगामी ॲलर्जी. गोळीने झोप येते, नाक बंदच

वैतागवाडी
आयुष्यात मला कसलीही ॲलर्जी नव्हती. घरातले बाकीचे शिंकायचे तेव्हा मी हसायचे. चाळिशी ओलांडली आणि आता थंडी ओसरायला लागली की दर वर्षी हे सुरू होतं. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांना खाज, टाळूला आतून खाज (जीभ घासून घासून दमते). रात्री नाक असं चोंदतं की तोंडाने श्वास घेऊन सकाळी घसा कोरडा ठाक. सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेते, तर दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. बाकी सगळं करून झालंय. खात्रीचा उपाय सांगा. 'डॉक्टरांना दाखवा' कृपया नको, दाखवलंय.

नाकतोडा
'बाकी सगळं' म्हणजे नक्की काय काय? डॉक्टर घरचे की कान-नाक-घशाचे? ते काय म्हणाले? ताप असतो का? नाकातून पाणी येतं की पिवळं घट्ट? दोन्ही नाकपुड्या की एकच? एवढं कळल्याशिवाय सगळे अंधारात दगड मारणार.

श्वास_प्रश्वास
भाऊ, वय झालं की प्रतिकारशक्ती कमी होते, मूळ तिथे आहे. ती वाढवा. रोज पहाटे प्राणायाम, जलनेती आणि एक चमचा मध. मधात परागकण असतात, शरीराला हळूहळू सवय होते. मी गोळ्या कधीच सोडल्या.

वैतागवाडी
भाऊ नाही, बाई आहे. वर 'घेते' लिहिलंय.
@नाकतोडा: ताप नाही, पाणीच, दोन्हीकडून. डॉक्टर घरचेच. ॲलर्जी आहे म्हणाले, सेटिरिझिन लिहून दिली. बाकी म्हणजे वाफ, स्प्रे, मध, सगळं. आता उपाय?

दीडशहाणी
श्वास_प्रश्वास, तुमचं गणित उलटं आहे. ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणं नव्हे, नको तिथे जास्त उत्साह दाखवणं. निरुपद्रवी परागकणाविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं, ती नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि पुढच्या वेळी तोच परागकण आला की पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन बाहेर टाकतात. खाज, शिंका, पाणी हे सगळं त्यातून. ही तयारी व्हायला काही हंगाम जाऊ शकतात, म्हणून चाळिशीत सुरू झालं यात नवल नाही. नवीन जागी राहायला गेलात की तिथली झाडं-गवतं वेगळी, हेही एक कारण असतं. घर बदललं होतं का?
आणि मध. मधमाश्या ज्या फुलांवर बसतात त्यांचे परागकण जड, चिकट असतात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे, झाडांचे, गवताचे, तणांचे. मधात ते असले तर नावापुरते.

श्वास_प्रश्वास
पुस्तकी ज्ञान ठेवा तुमच्याकडे. मला फरक पडला, हे सत्य आहे.

दीडशहाणी
तुम्हाला मधाने पडला, नेतीने पडला की त्या वर्षी परागच कमी होते, हे कसं ठरवलंत?

उंटावरचा_शहाणा
दोघांनी एकमेकांच्या विचारपूस पानावर जाऊन भांडा. नेतीबद्दल मात्र श्वास_प्रश्वास यांना अर्धं अनुमोदन. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने परागकण आणि शेंबूड खरोखर वाहून जातात. पण नळाचं पाणी थेट वापरायचं नाही! उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. कच्च्या पाण्यातून नाकावाटे अमीबा मेंदूपर्यंत गेल्याच्या घटना आहेत. फार दुर्मीळ, पण झालं तर जवळजवळ प्राणघातक.
वैतागवाडी, झोपेचं म्हणाल तर सेटिरिझिन बऱ्याच जणांना पेंगवते. फेक्सोफेनाडिन सहसा पेंगवत नाही, डॉक्टरांना विचारून बदला. फक्त ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, शोषली जात नाही नीट. साधं पाणी. आणि कुठलीही गोळी शिंका-खाज-पाणी थांबवते, चोंदलेल्या नाकावर तिचा जोर कमी. तिथे स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे लागतो, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन.

वैतागवाडी
स्प्रे लिहिलंय ना वर. मारला थोडे दिवस. काही झालं नाही, वर नाकातून रक्त आलं. बंद केला.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे मधल्या पडद्यावर मारलात. जवळजवळ सगळे तसंच करतात, डब्यावरचं चित्र कोणी बघत नाही. मान मागे टाकायची नाही, किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. मारताना जोरात ओढायचं नाही, सिगरेटसारखं तर मुळीच नाही. घशात चव लागली तर औषध पोटात गेलं, नाकात राहिलं नाही. आणि हा स्प्रे लागेल तेव्हा मारायचा नसतो. रोज मारायचा. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. शक्य असेल तर हंगामाच्या थोडं आधीच सुरू करायचा.

पिंपळपान
माझा नवरा घोरतो. त्याला पण ॲलर्जी असेल का? आणि एअर प्युरिफायरने घोरणं कमी होतं का? कोणी वापरलाय का?

हंगामी_पाहुणा
मी वर्षानुवर्षांचा शिंकखोर. एवढ्या फाफटपसाऱ्याची गरज नाही. हंगामाच्या सुरुवातीला एक इंजेक्शन ठोकून घ्यायचं, पूर्ण सीझन नाक मोकळं. किंवा ती सर्दीची दोन औषधं एकत्र असलेली गोळी घ्या, स्यूडोएफेड्रिनवाली. नाक मोकळं.

दीडशहाणी
हे इंजेक्शन म्हणजे साठवणीचं, शरीरात हळूहळू सुटत राहणारं स्टेरॉइड. नाकात मायक्रोग्रॅममध्ये जे काम होतं त्यासाठी संपूर्ण शरीराला मोठा डोस. साखर वाढते, दरवर्षी घेतलं तर हाडांवर परिणाम. ॲलर्जीवाले डॉक्टर आता ते टाळतात. आणि स्यूडोएफेड्रिन रक्तदाब वाढवतं. वैतागवाडी, बीपी आहे का?

वैतागवाडी
बीपीची गोळी चालू आहे. त्याचा नाकाशी काय संबंध?

नाकतोडा
😐
ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. हंगामी_पाहुणा यांची गोळी तुमच्यासाठी बाद. मुख्य प्रश्न राहिलाच, रात्री नाक उघडायला काय करता? कारण नुसत्या सेटिरिझिनवर तुम्ही झोपत असाल असं वाटत नाही.

वैतागवाडी
ड्रॉप्स घालते. साधे, सगळ्यांच्या घरात असतात ते. झायलोमेटाझोलिन. तेवढ्यानेच तर झोप लागते. पण ते औषध थोडंच आहे, म्हणून लिहिलं नाही.

नाकतोडा
कधीपासून?

वैतागवाडी
हंगाम सुरू झाला की. संपल्यावर पण लागतात मधूनमधून. म्हणजे रोजच म्हणा. आधी रात्री पुरायचे, आता दुपारी पण घालावे लागतात. ॲलर्जी वाढत चाललीये म्हणूनच तर इथे विचारतेय.

दीडशहाणी
ॲलर्जी नाही, ड्रॉप्स वाढत चाललेत. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून नाक मिनिटात उघडतं. असर ओसरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब. म्हणूनच ते सलग ३ ते ५ दिवसांच्या वर वापरायचे नसतात. हंगाम संपल्यावरही नाक बंद असतं, शिंका आणि खाज मात्र नसतात, असं होतं का? तसं असेल तर तो पराग नव्हे, ती बाटली.

वैतागवाडी
हो, उन्हाळा संपेपर्यंत नुसतं चोंदलेलं. खाज नसते. पण हे डॉक्टरांनीच दिले होते!

उंटावरचा_शहाणा
दिले असतील, थोड्या दिवसांसाठी. दोष कोणाचा हा विषय बाजूला. एकदम बंद केलेत तर काही रात्री हाल होतील, त्या भीतीनेच लोक परत बाटली उचलतात. सहसा असं करतात: स्टेरॉइड स्प्रे दोन्हीकडे रोज सुरू, आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद. ती बाजू सुटली की दुसरी. एक बाजू चालू असल्यामुळे झोप लागते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा, 'थेंबांची सवय लागलीये', ते समजतात. नुसतं 'ॲलर्जी आहे' म्हणालात तर पुन्हा सेटिरिझिन हातात पडेल.

कातरवेळ
थोडं अवांतर, पण गंमत आहे. या आजाराचं पहिलं पद्धतशीर वर्णन इंग्लंडमध्ये जॉन बॉस्टॉकने १८१९ साली केलं, स्वतःच रुग्ण होता. पराग हेच कारण हे मात्र चार्ल्स ब्लॅकलीने सिद्ध केलं, त्याचं पुस्तक १८७३चं. हाही स्वतः शिंकणारा. त्याने पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून उंचावर उडवल्या आणि वर किती परागकण असतात ते मोजलं! नुसतं उंचावर गेलात म्हणून सुटका नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

श्वास_प्रश्वास
तेव्हा मध खात नव्हते ना ते. हलके घ्या.

हंगामी_पाहुणा
दीर्घकाळ टिकणारा इलाज हवा तर इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची. ती कोणी सांगतच नाहीये.

दीडशहाणी
आत्ताच तर एका इंजेक्शनात सगळं मिटवत होतात! पण हा मुद्दा योग्य. १९११ पासून वापरात आहे, लेनर्ड नूनने गवताच्या परागांचा अर्क टोचून सुरुवात केली. आता जिभेखालची औषधंही मिळतात. साधारण ३ ते ५ वर्षं चालते. पण आधी नक्की कशाची ॲलर्जी आहे ते कळायला हवं. त्वचेवर टोचून चाचणी करतात, पाऊण तास नाही लागत, पुरळ उठली की १५-२० मिनिटांत उत्तर. फक्त आधी काही दिवस सेटिरिझिन-फेक्सोफेनाडिन बंद ठेवावी लागते, नाहीतर त्वचा गप्प बसते. गोळी थांबवणं शक्य नसेल तर रक्तातलं आयजीई तपासतात. वैतागवाडी, ही चाचणी झालीये?

वैतागवाडी
नाही. कोणी सांगितलीच नाही. रक्ताची चालेल, गोळी बंद करून मी जगणार नाही.
आणि तोवर रोजचं काय करू? आज रात्रीचं विचारतेय.

नाकतोडा
आज रात्रीसाठी: बाहेरून आलात की आंघोळ, केस धुऊनच. उशीवर पराग तुमच्या केसांतूनच येतात. कपडे बाहेरच्या दोरीवर वाळत घालू नका, त्यांना पराग चिकटतात. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद. बाहेर जाताना गॉगल. डोळ्यांसाठी अँटिहिस्टामिनचे, म्हणजे हिस्टामिन रोखणारे थेंब मिळतात, ते वेगळे, त्यांची अशी सवय लागत नाही. फक्त डोळे लाल दिसू नयेत म्हणून मिळतात ते रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब घेऊ नका, त्यांचंही रडगाणं नाकासारखंच आहे.
आणि छातीत शिट्टी वाजते का, जिना चढताना धाप लागते का? असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. नाकाची ॲलर्जी आणि दमा बऱ्याचदा जोडीने येतात.

वैतागवाडी
शिट्टी नाही. बरं, थेंब एका बाजूचे बंद करायचे तर डावी की उजवी? डावी जास्त चोंदते.

उंटावरचा_शहाणा
मग उजवीपासून. जी सोपी ती आधी. आणि स्प्रे आजच, नाक चोंदलेलं असलं तरी. बीपीची गोळी कुठली हेही त्या डॉक्टरांना सांगा. तुम्हाला नुसता कोरडा खोकला येत असेल तर त्याचा बीपीच्या काही गोळ्यांशी संबंध असतो, नाकाशी नाही.

वैतागवाडी
खोकला येतोच की रात्री!! मला वाटलं नाकातून घशात उतरतं म्हणून.

नाकतोडा
😐😐 गोळीचं नाव टाका.

पिंपळपान
माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचं कोणीच काही सांगितलं नाही.

दीडशहाणी
झोपेत श्वास मध्येच थांबून मग घुसमटल्यासारखा आवाज येतो का? येत असेल तर प्युरिफायर विसरा, झोपेची चाचणी करून घ्या. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे वैतागवाडीताईंची गोळी अजून यायचीय.