१९७१ ची फियाट, स्टेअरिंग खोलतोय पण ड्रॉप आर्म निघत नाहीये

लालबागकर_७१:
नमस्कार मंडळी. बाबांची फियाट आहे, १९७१ ची डिलाइट, ११ वर्षं चाळीच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती. बाबा गेल्या वर्षी गेले आणि ही गाडी भंगारात द्यायची नाही असं मी आणि आईने ठरवलंय. इंजिन हाताने फिरतं, बॉडीचं पत्र्याचं काम चालू आहे, अडलंय ते स्टेअरिंगपाशी. स्टेअरिंग चांगलं तीन बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नव्हती म्हणून सगळं खोलून बघायचं ठरवलं. दोन टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं) निघाले, पण स्टेअरिंग बॉक्सच्या खालच्या शाफ्टवर जो ड्रॉप आर्म, म्हणजे त्या दांड्या हलवणारा हात, बसतो तो काही केल्या निघत नाहीये. नट निघाला, पान्याला पाइप लावून, पण आर्म तसाच. तीन रविवार गेले यात. ओळखीचा एक मेकॅनिक म्हणतो गॅस मारून लाल करू आणि घण घालू, पाच मिनिटांत खाली येईल. मला भीती वाटतेय. करू का?

जुना_फिटर:
दादा गॅस अजिबात मारू नका आणि घण तर नकोच नको. तो आर्म शाफ्टच्या बारीक दात्यांवर बसलेला असतो आणि वरून नटने वर्षानुवर्षं आवळलेला, त्यात मुंबईची खारी हवा आणि पावसाळ्याचं पाणी, मग गंज दात्यांत शिरून सिमेंटसारखा धरतो. तुम्ही खालून शाफ्टवर घण घातलात की तो दणका सरळ बॉक्सच्या आत जातो, आतल्या वर्मवर (स्टेअरिंगबरोबर फिरणारा आट्यांचा दांडा) आणि बेअरिंगवर खड्डे पडतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि नंतर स्टेअरिंग फिरवताना एका जागी खटकत राहतं. लाल केलंत तर ऑइल सील जळणार ते वेगळंच, आणि आर्मचं पाणी उतरणार. स्टेअरिंगचा आर्म तापवून मऊ झाला तर तो कधी वाकेल सांगता येत नाही, यावर तुमचा आणि रस्त्यावरच्या माणसांचा जीव आहे.

हे काम पुलरचंच आहे, म्हणजे पायांनी पकडून स्क्रूने ओढून काढायच्या हत्याराचं. ड्रॉप आर्मचा पुलर वेगळा मिळतो, जाड पायांचा, साधा बेअरिंग पुलर लावलात तर त्याचे पाय उघडून सटकतात. आधी सगळ्यात महत्त्वाचं, आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर एका रेषेत सेंटर पंचने खूण करा, खडूने नाही, खडू तेलात जातो. मग नट परत चढवा, पण पूर्ण नाही, शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतकाच, म्हणजे आटे सांभाळले जातात आणि आर्म सुटला तर तोंडावर येत नाही. गंज सोडवायचं तेल संध्याकाळी मारा, पुलर आवळून ताण देऊन ठेवा आणि रात्रभर तसाच सोडून द्या. सकाळी अजून पाव फेरा. तरीही नाही सुटला तर आर्मच्या डोळ्याच्या (शाफ्टवर बसतं त्या गोल भोकाच्या कड्याच्या) एका बाजूला जड हातोडी टेकवा आणि दुसऱ्या बाजूने मध्यम हातोडीने एक नीट ठोका. शाफ्टवर नाही, फक्त डोळ्यावर. सुटताना धाड असा आवाज येतो, घाबरू नका.

मुलुंडची_फियाट:
+१. माझ्या गाडीचं हेच झालंय म्हणून लिहिते. एका गॅरेजने आमच्या गाडीचा आर्म असाच घणाने पाडला, मी तिथे उभी होते आणि मला काहीच कळत नव्हतं, नंतर गाडी चालवताना डावीकडे वळताना बॉक्स अडखळायला लागला. शेवटी दुसरा बॉक्स शोधावा लागला. मुंबईत पद्मिनी (याच फियाटचं नंतरचं नाव) टॅक्सी रस्त्यावर होत्या तोपर्यंत पार्ट्सची अशी काळजी नव्हती. शेवटची टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली, २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, त्यानंतर भंगारात जुने बॉक्स येणं कमी कमीच होतंय. तेव्हा हाताशी आहे तो बॉक्स जपा. कुर्ल्याला सीएसटी रोडला फिरून बघा, पण जुना बॉक्स घेताना शाफ्ट हातात धरून लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवूनच घ्या.

आणि एक, टायरॉड काढताना एंड किती आटे बाहेर आहेत ते मोजलंत का? आमच्याकडे मोजलं नव्हतं, नंतर गाडी अलाइनमेंटला नेईपर्यंत पुढची चाकं दोन दिशांना बघत होती.

लालबागकर_७१:
नाही मोजले :( एक एंड तर मी टायरॉडमधून पूर्ण काढलाय. दुसरा अजून बसलेला आहे, तोच बघून मोजतो. बरं झालं विचारलं. ताई, जुना_फिटर काका, दोघांनाही धन्यवाद. टायरॉड एंड मी फाळ (दोन दातांची पाचर) घालून काढले, त्यात एकाचं रबर फाटलंय, आता नवीन घ्यावा लागेल ना?

जुना_फिटर:
रबर फाटलं म्हणजे आत धूळ पाणी जाणार, एंडच बदला. फाळ फक्त टाकून द्यायच्या एंडसाठी. पुढच्या वेळी नट अर्धा सोडा आणि आर्मच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी दोन हातोड्या एकाच वेळी, चपळपणे मारा, टेपर, म्हणजे एंडचा निमुळता भाग, आपोआप निसटतो. आणि बघा हं, टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, सवयीने जोर लावू नका, आधी बघून घ्या. बसवताना प्रत्येक स्प्लिट पिन नवीन. नट आवळल्यावर भोक जुळत नसेल तर थोडं अजून आवळून जुळवायचं, कधीही मागे सोडून नाही.

आता तीन बोटांच्या प्लेबद्दल, म्हणजे स्टेअरिंग मोकळंच फिरतं त्याबद्दल. सगळा दोष बॉक्सचाच असतो असं नाही, माझ्या पाहण्यात निम्म्या गाड्यांत आयडलर आर्मचं (ड्रॉप आर्मच्या समोरच्या बाजूचा, दांड्यांना आधार देणारा हात) बुश, म्हणजे आतली नळी, गेलेलं असतं. तुमचा आयडलर अजून बसलेला असेल तर हाताने वर खाली हलवून बघा, डुलला तर चोर तिथेच आहे. बॉक्सच्या वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले काढायच्या भानगडीत पडू नका, वर्म मधोमध झिजतो, मधला प्ले काढलात की लॉककडे जाताना घट्ट होतो.

गिरणगाव_गॅरेज:
एक राहिलं काका. बॉक्समध्ये बरेच जण ग्रीस भरतात, गळतंय म्हणून. ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि वर्म कोरडा फिरतो. ९० नंबरचं गिअर ऑइलच घाला आणि सील नवीन टाका. बॉक्स चॅसिसवरून काढलात तर खालच्या पातळ पट्ट्या कुठे किती होत्या ते लिहून ठेवा, पिशवीत नाव घालून. आणि कॉलम गिअर आहे तुमचा, म्हणजे गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी, त्याची लिंकेज (जोडणाऱ्या दांड्या) आधी सुटी करा, कुठेच बळजबरी नको, न सुटल्यास थांबा आणि बघा काय अडतंय.

कागदपत्रांचंही बघा. ५० वर्षांवरच्या खासगी गाडीला २०२१ च्या नियमाने विंटेज नोंदणी मिळते, पण चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं असावं लागतं. तुमची १९७१ ची आहे, बसते.

लालबागकर_७१:
अपडेट. ड्रॉप आर्म निघाला. पुलर परळच्या मित्राकडून आणला, शनिवारी रात्री ताण देऊन ठेवला, पहाटे साडेपाचला धाड असा आवाज आला की आई उठून खिडकीशी आली, तिला वाटलं खाली काही पडलं. मी धावत खाली गेलो तर आर्म नटवर टेकून लटकत होता. पंचची खूण अगदी समोरासमोर आहे, दात्यांवर फक्त लाल पूड, घासल्यावर धातू चमकला. आणि आयडलर डुलतोय काका, तुम्ही म्हणालात तसंच, बुशच्या जागी रबराची भुकटी होती. बॉक्स हाताने फिरवून बघितला, कुठेही खटका नाही.

आर्मच्या आतल्या बाजूला पिवळ्या पेंटने एक आडवी रेघ होती. आईला दाखवली तर म्हणाली, ही बाबांचीच, ते पेंटने अशाच खुणा करायचे. ती रेघ पुसलेली नाही, तशीच ठेवून बसवणार आहे.

बुश कुठे मिळेल, नंबर कोणाला माहीत असेल तर सांगा.