अनुभव धागा: माहितीचा अर्ज शिकताना, शिकवताना

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माहिती अधिकाराचा वर्ग भरतो. येणारा प्रत्येक जण तक्रार घेऊन येतो. "रस्ता सहा महिन्यांत का उखडला?" या 'का'वरच आमचा पहिला तास जातो. जन माहिती अधिकारी, म्हणजे कार्यालयात अशा अर्जांना उत्तर द्यायला नेमलेला माणूस, 'का'चं उत्तर द्यायला बांधलेला नाही. पण त्या रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला दिलेली देयकं मागितली, तर ती द्यावी लागतात, आणि 'का' त्यांतच सापडतो. मग जो तो आपला राग कागदांच्या नावांत लिहायला बसतो. तोही १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, कारण महाराष्ट्राच्या नियमांत मर्यादा तेवढीच आहे.

तुम्ही शिकलात, शिकवलंत, अडलात, तर इथे लिहा. फसलेले अर्ज आवर्जून लिहा.

*

मी बचत गटातली. दोन महिने रेशनचं धान्य कमी मिळत होतं. अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, पण कार्यालयात कुणी घेईना. "साहेब नाहीत, उद्या या." तीन खेपा झाल्या. वर्गातल्या ताई म्हणाल्या, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पाठवला. घरी म्हणत होते, तुझंच नाव कशाला? म्हणून आम्ही सातजणींनी तोच अर्ज वेगवेगळा टाकला. एकवीस दिवसांत दुकानाच्या नोंदवहीच्या प्रती आल्या. माझ्या कार्डावर पूर्ण धान्य उचलल्याची नोंद होती. तो कागद हातात घेऊन मी रडले, खरंच सांगते. तक्रार नंतर केली, आधी तो कागद सगळ्या गल्लीला दाखवला.

*

सातजणींनी वेगवेगळे अर्ज टाकले, हे फार बरं केलंत. तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जमिनींचे व्यवहार ते याच कायद्याने उघड करत होते. माझ्या वर्गात मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. घाबरवायला नाही. एकट्याने पुढे व्हायचं नाही, एवढं कळावं म्हणून.

*

माझा फसलेला. कॉलेजात असताना जिल्ह्यातल्या सगळ्या शिष्यवृत्त्यांची पाच वर्षांची माहिती मागितली. पानाला २ रुपये, हजारो पानं. पैसे भरणं शक्यच नव्हतं. तेव्हा कुणी सांगितलं नाही की आधी अभिलेख पाहायला जाता येतं, पहिला तास फुकट असतो, आणि हवी तेवढीच पानं निवडून घेता येतात. २०१८ च्या शासकीय परिपत्रकानुसार जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी आता मुलांना आधी तिथे नेतो. फाईल कशी दिसते हे एकदा पाहिलं की अर्ज आपोआप नेमका होतो.

*

मी निवृत्त आहे, नोकरीत काही वर्षं जन माहिती अधिकारी होतो. टेबलापलीकडून सांगतो: कालावधी लिहा, कामाचं नाव लिहा. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलेला अर्ज खरंच कळत नाही. चुकीच्या कार्यालयात गेला तर घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं आमचं काम आहे. आणि कारण कुणी विचारलं तर कलम ६(२) दाखवा. मी स्वतः सुरुवातीला कारण विचारत असे. ते चुकीचं होतं.

*

माझ्या अर्जाला ४१ व्या दिवशी पत्र आलं, "४८० रुपये भरा." मी भरले. ३० दिवस उलटल्यावर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनाशुल्क द्यायची असते, हे पैसे भरल्यावर कळलं. दिलेली माहितीही अर्धीच. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ साहेबांकडे पहिलं अपील केलं. सुनावणीत साहेबांनी तोंडी सांगितलं "देऊन टाका", लेखी आदेशात मात्र "अपील निकाली". त्याला आता दोन महिने झाले. पुढे काय करू?

*

राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करा, जोडपत्र 'क' या नमुन्यात, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. मुदत ९० दिवस, म्हणजे तुमच्याकडे महिनाभर आहे. आयोगाकडे तारीख लवकर लागत नाही, तयारी ठेवा. येत्या रविवारी मूळ अर्ज, पोस्टाची पावती, ४८० ची पावती आणि आदेश घेऊन या. बसून लिहू.