सर्व्हिस चार्ज भरल्यावर वेगळी टीप द्यायची का?

मंडळी, मदत हवी आहे. काल पुण्यात आईबाबांना घेऊन जेवायला गेलो होतो. बिल ३,२०० रुपये, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो सक्तीचा नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये तेच उचलून धरलं. पण आईसमोर कोण वाद घालणार? भरला.

वाढणाऱ्या पोराला हळूच विचारलं, "यातलं तुला मिळतं का रे?" तो नुसता हसला आणि बडीशेपेची वाटी पुढे सरकवली. मग शंभराची नोट त्याच्या हातात दिली.

हॉटेल लाइनमधलं कुणी आहे का इथे? हा चार्ज पोरांपर्यंत पोचतो का? आणि कार्डावर दिलेली टीप?