मदत हवी आहे: मंडळीच्या जुन्या वह्या अभिलेखागाराला द्यायच्या, पण कोणत्या अटींवर?

आमच्या बॅप्टिस्ट मंडळीच्या (म्हणजे या ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक चर्चच्या) सभांची हस्तलिखित इतिवृत्तं आमच्याकडे आहेत. बॅप्टिस्ट मंडळ्या स्वायत्त, त्यामुळे अशा वहीची दुसरी प्रत सहसा कुठेच नसते. तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होत नसल्याने तशी नोंदवहीही नाही. कोण कधी सभासद झालं, कोण सभासदत्व बदलीचं पत्र घेऊन दुसऱ्या मंडळीत गेलं, हे फक्त इथेच सापडतं. काही पानांवर शाईने कागद इतका खाल्लाय की अक्षराच्या जागी भोकं पडली आहेत.

सगळ्या पानांचे फोटो काढून झालेत, वह्या आम्लमुक्त खोक्यात आडव्या ठेवल्या आहेत. चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन सुचवू नका, त्याने कागदाची वाटच लागते. ऑक्सफर्डच्या अँगस ग्रंथालयाची (बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची कागदपत्रं तिथेच आहेत) आणि अटलांटाच्या अमेरिकन बॅप्टिस्ट हिस्टॉरिकल सोसायटीची माहिती वाचली. पण माझा प्रश्न करारात अडतोय.

मूळ वह्या पंथाच्या अभिलेखागारात जाव्यात असं मला मनापासून वाटतं, मात्र सभासद मालकी सोडायला तयार नाहीत. शिवाय शिस्तभंगाच्या नोंदींत ज्यांची नावं आहेत, त्यांची मुलं-नातवंडं आजही मंडळीत आहेत. ती पानं फाडणं मला मान्य नाही.

मालकी मंडळीकडेच ठेवून वह्या ठेवीदाखल देता येतात का? आणि तेवढीच पानं ठरावीक वर्षं बंद ठेवायची अट करारात नेमकी कशी लिहितात?